शिकवायचं नाही, नुसतं बसायचं

६ जानेवारी, सोमवार

विकली एकदाची. ड्रायव्हिंग स्कूल, दोन गाड्या, दारावरची पाटी, फोन नंबर, मैदानात मांडायचे केशरी शंकू — सगळं गेलं. सह्या करून बाहेर पडले, सवयीनं गाडीकडे वळले, दाराला हात घातला आणि लक्षात आलं की किल्ली आत टेबलावर ठेवून आलेय. कायमची. घरी बसनं आले.

घेतली ती सायलेन्सरनं. माझ्याच हाताखाली शिकवणारा. नाव मीच ठेवलेलं, कारण माणूस बोलत नाही. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. विद्यार्थी चुकला की हा तो दाबतो आणि खिडकीबाहेर बघत बसतो. झालं त्याचं शिकवणं. माझं उलट. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत माझं तोंड पोचलेलं असतं.

वकीलबाईंनी शेवटी ते कलम मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन वर्षं, या शहरात, मी ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, मोबदला घेऊन वा न घेता, कोणाही व्यक्तीस’ गाडी चालवायला शिकवायची नाही. म्हणाल्या, कोणाही म्हणजे घरच्यांनाही नाही बरं का, नीट विचार करा. मी म्हटलं, घरच्यांना तर मुळीच नाही, ते ठळक अक्षरात टाका! सगळे हसले. वन्संही हसल्या. यांची ही थोरली बहीण, तिला साक्षीदार म्हणून नेलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पान न्‌ पान वाचलं, तेव्हा कुठे सही केली. मी शेवटचं पान उलटलं आणि ठोकली.

तीन वर्षं बोंबलायचं नाही, कोणाच्या हातावर हात ठेवून स्टिअरिंग वळवायचं नाही. सुटले.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी आवरून, पर्स घेऊन दारात उभी राहिले. हे म्हणाले, कुठे? मला सांगता येईना.

११ जानेवारी, शनिवार

बाजारात जायला टॅक्सी केली आणि पुढे बसले. तिथेच चुकलं. ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या अगदी बुडाला चिकटून चालवत होता आणि माझा पाय आपला दाबतोय, दाबतोय — खाली नुसती मॅट. शेवटी तो म्हणाला, बाई, पायाला मुंग्या आल्यात का? मी म्हटलं, हो.

लोकांचे हात शिवशिवतात, माझं तोंड शिवशिवतंय. खिडकीतून रस्ता दिसतो. समोरच्या बंगल्यातली पोरगी रोज गाडी मागे घेताना आरशात न बघता मान मोडून बघते. ती तिची चूक. प्रत्येक शिकणाऱ्याची एक चूक असते, स्वतःची, सहीसारखी. एकाचा क्लच लवकर सुटतो, एकीचं लक्ष बॉनेटच्या पुढे जात नाही, एक जण वळताना श्वास धरतो. पहिल्या आठवड्यात ती चूक शोधायची आणि मग तिच्याच मागे लागायचं. ती हट्टी असते, पुन्हा पुन्हा तिथेच येते. एवढंच माझं शास्त्र. आता ते कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून या वहीला सांगतेय. वही ‘कोणाही व्यक्तीस’मध्ये बसत नसावी.

यांना सांगून उपयोग नाही. ड्रायव्हिंग स्कूलवालीचा नवरा, आणि आयुष्यभर सायकल! लग्नानंतर एकदा शिकवायला घेतलं होतं. फाटकाला अजून पोचा आहे. तेव्हाच यांनी कानाला खडा लावला.

१९ जानेवारी, रविवार

वन्सं आल्या होत्या. टेकडीवरून चालत खाली, मग दोन बस बदलून. त्यांच्या टेकडीवर जाणारी बस बंद झालीय. प्रवासी नाहीत म्हणे. वन्सं म्हणाल्या, मी काय होते मग, पार्सल?

यजमान गेल्यापासून त्या तिथे एकट्या. यजमानांची छोटी गाडी आच्छादन घालून खाली उभी आहे, ती चालवणारं कोणी नाही. भाचा, म्हणजे त्यांचा मुलगा, परदेशातून रोज फोनवर एकच लावून धरतो — आई, घर विकू, तू मामाकडे राहा, नाहीतर इथे ये. मे महिन्यात येणार आहे. तोवर आईची येण्याजाण्याची सोय झाली नाही तर ग्राहक आणूनच उभा करीन म्हणतो.

‘मामाकडे’ म्हणजे आमच्याकडे. मला ते नको होतं, खोटं कशाला लिहू? वन्संचं आणि माझं भांडण कधी झालेलं नाही, पण त्याचं कारण मधली टेकडी आहे. त्या बोलायला लागल्या की थांबत नाहीत आणि मीही थांबत नाही. एका घरात दोन कर्णे कसे वाजणार?

मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, मी गाडी शिकते. यांना ठसकाच लागला. — तू? या वयात? — अरे छोटू, या वयातच. नंतर शिकून काय करू?

मग माझ्याकडे बघितलं. तू शिकवशील ना गं, म्हणाल्या. आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, नाही का, ते कलम. मीच सही केलीय त्यावर.

२२ जानेवारी, बुधवार

स्कूलमध्ये जाऊन आले. पाटीवर नाव अजून माझंच, तेही विकलंय ना! सायलेन्सर अजूनही त्याच्या जुन्या स्टुलावर बसतो, माझी खुर्ची रिकामी. मला बघून उठला. मी बसले नाही.

म्हटलं, एकच माणूस. वन्संना शिकवू दे. घरचीच बाई, पैसे नाहीत, जाहिरात नाही, कोणाला कळणारही नाही. तो बराच वेळ शंकू एकात एक रचत राहिला. मग बोलला. त्याला एका दमात इतकं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

— मॅडम, लोक पाटी बघून येत नाहीत. तुम्हाला शोधत येतात. या पंधरवड्यात सगळे मला एकच विचारतायत, बाई नाहीत का? तुम्ही वन्संना शिकवलंत की त्यांची शेजारीण येणार, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. मी घर गहाण टाकून ही पाटी घेतलीय. ते कलम नसेल तर मी नुसते दोन जुने ब्रेक विकत घेतलेत.

तणतणत बाहेर पडले. दोन चौक मनात त्याला फाडून खाल्लं. तिसऱ्या चौकात राग उतरला. बरोबरच आहे त्याचं. ठळक अक्षरात मीच टाकायला लावलं. शब्द दिला तो दिला.

वन्संना त्याच्याकडेच घातलं. स्वतः शिकवीन म्हणाला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्संचा फोन. — अगं, तो बोलतच नाही! गाडीत इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येतो, आणि मग पाय कापायला लागतो. मी काहीतरी विचारावं तर मान डोलावतो. हो म्हणून डोलावतो की नाही म्हणून, ते बघायला मी वळले तर ब्रेक दाबला!

मला माहीत होतं काय करायचं ते. अगदी जिभेच्या टोकावर होतं. विचारलं, जेवलात का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं नापास. चढावर गाडी थांबवून परत सुरू करायची होती. क्लच लवकर सुटला, गाडी बंद, परत सुरू, परत बंद, मग मागे घरंगळली. परीक्षक म्हणाला, आजी, उतरा. ‘आजी’ जास्त लागलं त्यांना.

क्लच. मला फोनवरच कळलं, ही त्यांची चूक. आठवडाभराचं काम आहे. माझ्या हातात दिली असती तर आठवडाभरात सपाट केली असती.

भाच्याचा यांना फोन आला. मामा, आता तरी तिची समजूत घाल. हे हो-हो करत राहिले. ठेवल्यावर म्हणाले, तायडीनं ते घर सोडलं तर ती आटून जाईल बघ. असं ते कधी बोलत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

यांचं डोकं चाललं म्हणायचं. जेवताना म्हणाले, तायडीकडे शिकाऊ लायसन्स आहे. गाडीही आहे. तिला फक्त बाजूला लायसन्सवालं माणूस लागतं. मी कामाचा नाही. तू नुसती बस ना.

— बसून?

— बसून काही नाही. बसायचं.

वकीलबाईंना फोन केला. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, बसणं म्हणजे शिकवणं नाही. पण तोंड उघडलंत की शिकवणं. आणि ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द विसरू नका, म्हणजे हातवारे, सुस्कारे, डोळे वटारणं, सगळं त्यात येतं. यांना सांगितलं तर म्हणाले, सुस्कारेसुद्धा? मग तू मेलीस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुदिन्याच्या गोळ्यांचा पुडा घेतला. तोंडात गोळी असली की बोलताना आधी ती गालात सारावी लागते, तेवढ्यात अक्कल येते. वन्संना गाडीत बसायच्या आधीच सांगितलं, मी दगड आहे. गाडीबद्दल एक अक्षर बोलणार नाही, विचारू नका. त्या म्हणाल्या, नको बोलूस, मी बोलते.

आणि बोलल्या! टेकडीवरून खाली, नदीकाठच्या रस्त्यानं, गोदामांच्या मागून परत. भाजी कशी महागली, यजमान गाडी सुरू करताना कसे खाकरायचे, शेजारच्यांचं मांजर कोणाचं खातं आणि कोणाकडे झोपतं. दोन ठिकाणी क्लच लवकर सुटला. मी पाच गोळ्या खाल्ल्या. उजव्या पायाची पोटरी अजून दुखतेय, सारखी ती मॅट दाबून.

पण बोलत असल्या की पाय कापत नाही त्यांचा. हे माझ्या लक्षात आलं. सायलेन्सरच्या कधी आलं नसतं, कारण त्याच्यासमोर कोणी बोलतच नाही. आणि माझ्या? माझ्यासमोरही कोणाला बोलायला मिळालेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज जातोय. क्लच सुधारला. मी काही केलं नाही, देवाशपथ. आपोआप. रोज त्याच चढावर त्याच चुकीपाशी त्या स्वतःच थांबतात, स्वतःशी पुटपुटतात, पुन्हा करतात. मी मधे असते तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाले असते, आणि त्यांना दर चढावर माझा आवाज लागला असता. हे लिहायला जड जातंय, पण लिहिते.

५ मार्च, बुधवार

आज वन्सं बसबद्दल बोलत होत्या. बस बंद झाली तेव्हा मला वाटलं, येण्याजाण्याचे हाल. त्या म्हणाल्या, मी कित्येकदा नुसतीच जायची. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसनं परत. कंडक्टर विचारायचा, काय मावशी, आज काय विशेष? मग सांगायचं काहीतरी. विशेष काही नसलं तर बनवून सांगायचं.

मी गोळी चघळत राहिले. यात गाडीबद्दल काही नव्हतं, बोलले असते तर कलम मोडलं नसतं.

येताना त्यांनी एका म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू दिला. थांबल्या, हात केला, तो गेल्यावर हळूच क्लच सोडला. लोण्यासारखी गाडी निघाली.

१० मार्च, सोमवार

दुपारी आवरून, पर्स घेऊन दारात. हे म्हणाले, कुठे? म्हटलं, माहितेय की तुम्हाला.

१४ मार्च, शुक्रवार

वन्सं पुन्हा नापास! चढ उत्तम झाला म्हणे, पण गाडी मागे घेताना शंकू पाडला. शंकू! गेले दोन आठवडे त्या गोदामाच्या भिंतीला वीतभर अंतर ठेवून मागे घेतायत, डोळे मिटूनही घेतील. मला काही कळेनासं झालं. परीक्षेचं दडपण आलं असेल.

मी म्हटलं, असू द्या, होतं असं. त्या म्हणाल्या, हो, उद्या त्याच वेळी ये हं.

२१ मार्च, शुक्रवार

भाचा फोनवर वन्संवर चिडला. त्यांनी मला गाडीत सगळं सांगितलं, अगदी त्याच्या आवाजात. ‘आई, दोनदा नापास झालीस, आता पुरे. अपघात झाला म्हणजे?’ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलंय त्यानं. घर बघायला येणाऱ्याशी बोलूनही झालंय. जुन्या घराला काय येईल, तेही सांगितलं. वन्सं म्हणाल्या, जुनं म्हणतो, जन्मला कुठे?

हे सांगताना त्या चौकात नीट थांबल्या, तिन्ही बाजू बघितल्या, आरसा बघितला, निघाल्या. आणि माझेच डोळे भरून आले. हे घर जाता कामा नये.

३ एप्रिल, गुरुवार

तिसऱ्यांदा नापास. आता काय, तर वळताना इंडिकेटरच दिला नाही. एकदाही नाही! परीक्षकानं विचारलं, विसरलात का? म्हणाल्या, हो बाई, विसरले.

मी हात टेकले. घरी आल्यावर यांच्यावर विनाकारण ओरडले. तीन वर्षं तोंड बंद ठेवायचं आणि समोर घर बुडताना बघायचं, हे मी कुठल्या मुहूर्तावर सही करून बसले? मी बोलू शकले असते तर आज त्या पास असत्या. असं वाटतंय तरी.

८ एप्रिल, मंगळवार

सायलेन्सर घरी आला. दारातच उभा. कोणीतरी त्याला सांगितलं की बाई रोज नणंदेच्या शेजारी बसून नदीकाठानं फिरतात. मी म्हटलं, बसते. बोलत नाही. त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मला ओळखणाऱ्या कोणाचाच बसला नसता. म्हटलं, चल, मागे बस आणि स्वतः बघ.

तर आज आम्ही तिघं. वन्सं चालवतायत आणि बोलतायत, मी पुढे गोळी चघळतेय, मागे सायलेन्सर. एका वळणावर एक सायकलवाला आडवा आला. वन्संनी शांतपणे ब्रेक मारला. पण त्याच क्षणी माझा पाय मॅटवर धाडकन आणि मागे त्याचा पाय माझ्या सीटच्या पाठीवर धाडकन! वन्सं म्हणाल्या, तुम्हा दोघांना काय होतंय रे? आम्ही दोघांनीही आपापल्या खिडकीबाहेर बघितलं.

फाटकाशी उतरल्यावर तो म्हणाला, मॅडम, चुकलं माझं, तुम्ही खरंच बोलत नाही. मग थोडा घुटमळला.

— पण एक सांगतो. या बाई चांगली गाडी चालवतात. नापास कशा होतात, मला कळत नाही. आधी क्लच. मग शंकू. आता इंडिकेटर. दर वेळी वेगळंच.

आणि गेला.

९ एप्रिल, बुधवार

दर वेळी वेगळंच.

सकाळपासून हेच डोक्यात. चूक हट्टी असते, पुन्हा पुन्हा तिथेच येते. इतक्या लोकांना शिकवलं, दर परीक्षेला नवी चूक करणारा एकही माणूस पाहिला नाही. नवी चूक विचार करूनच करावी लागते. क्लच खरा होता. शंकू आणि इंडिकेटर — वन्संनी बनवून सांगितले. कंडक्टरला सांगायच्या तसे!

मुद्दाम नापास होतायत.

का, तेही लगेच लक्षात आलं, आणि मी खुर्चीत बसून राहिले. पास झाल्या तर सगळे म्हणणार, वा, सोय झाली, आता राहा टेकडीवर. राहा एकट्या. घर विकायला लागलं तरच त्यांना कोणाकडे तरी जाता येणार. तोंडानं कसं म्हणतील, मला तुमच्याकडे घ्या? थोरल्या आहेत. आणि माझ्या तोंडून काय ऐकलंय त्यांनी आजवर? घरच्यांना तर मुळीच नाही, ठळक अक्षरात टाका. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही त्यांचीच.

मी वेडी, घर वाचवायला निघाले होते. त्यांना घर नकोच होतं. माणसं हवी होती.

यांना सांगितलं. हे उठले आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. ती खोली म्हणजे माझं स्कूलचं अडगळखातं — रस्त्याच्या खुणांचे तक्ते, कापून उघडा केलेला क्लचचा नमुना, जुनी स्टिअरिंगं. दोघांनी मिळून काढायला घेतलं. मी सारखी म्हणत होते, मी विचारणार, पण आमचं जमेल का हो? स्वयंपाकघरात दोन बायका, दोन तोंडं. हे म्हणाले, दीड महिना जमलंय की गाडीत. तिथे तर जागा अजूनच कमी.

१० एप्रिल, गुरुवार

विचारलं.

चढाच्या पायथ्याशी, गाडी उभी असताना. गोळी तोंडातून काढून रुमालात गुंडाळली. वन्संनी चमकून बघितलं, मी आता गाडीबद्दल बोलणार आणि कलम मोडणार असं वाटलं असेल.

— वन्सं, आमच्याकडे राहायला या. मागची खोली रिकामी केलीय. अडचण म्हणून नाही, भाचा म्हणतो म्हणून नाही. मला वाटतं म्हणून.

वन्सं गप्प! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा गाडीत इंजिनाचा आवाज ऐकू आला. माझ्याकडे न बघता त्यांनी डोळे पुसले, चष्मा परत लावला, आरसा बघितला. मग म्हणाल्या, चालवताना असलं काही बोलू नये गं, लक्ष जातं. आणि तो चढ असा चढवला की मी शिकवत असते तर टाळी वाजवली असती. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

१५ एप्रिल, मंगळवार

खोलीला रंग दिला. फिकट पिवळा. वन्संना आवडतो तो. हे म्हणतात, तिनं अजून हो म्हटलेलं नाही. मी म्हटलं, म्हणतील. खिडकीशी खुर्ची ठेवली, तिथून रस्ता दिसतो. संध्याकाळी मी आणि त्या बसू, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चुका काढू. एकमेकींत चुका काढणं म्हणजे काही शिकवणं नव्हे. वकीलबाईंनाही मान्य होईल.

बघता बघता मला घाई झालीय. जानेवारीत जी गोष्ट नको होती, तिची वाट बघतेय.

२२ एप्रिल, मंगळवार

वन्सं पास. एकही चूक नाही. परीक्षेहून थेट आमच्या दारात — स्वतः चालवत. उतरल्या, खोली बघितली, भिंतीवरून हात फिरवला. मग खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या.

— अगं, घर सोडायचं कोणाला होतं? माझ्या नावावर आहे ते. माझ्या सहीशिवाय तो विकणार कसा? तुझ्यासारखी शेवटचं पान उलटून सही नाही करत मी.

— मग नापास का होत होतात?

— पास झाले असते तर तू यायची बंद झाली असतीस.

मग विचारलं, उद्या मी बाजूला बसायला किती वाजता येऊ? म्हणाल्या, आता लायसन्स आलं, बाजूला कोणी लागत नाही.

— तरी, म्हटलं.